सरळ रेषेची रवानगी पाताळात : 'पांढऱ्या घोडीचा मुलगा' या हंगेरियन ॲनिमेशनपटाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात असे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, कम्युनिस्ट राजवटीतल्या हंगेरीत, बुडापेस्टच्या पान्नोनिया या सरकारी स्टुडिओत मार्त्सेल यान्कोविच हा दिग्दर्शक एका लोककथेवर पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट करण्याच्या तयारीत होता. कथा हंगेरीत घरोघरी ठाऊक असलेली. पांढऱ्या घोडीच्या पोटी जन्मलेला मुलगा पाताळात उतरतो, तीन राक्षसांना मारतो, तीन राजकन्या सोडवतो आणि पुन्हा वर येतो. यान्कोविचला या कथेत काळाचे चक्र दिसत होते. सूर्य मावळतो आणि उगवतो, वर्ष संपते आणि सुरू होते, जग बुडते आणि वर येते, तेच या कथेत घडते, अशी त्याची धारणा होती. पहिली मांडणी त्याने याच कल्पनेभोवती केली. स्टुडिओने ती नाकारली. कारण वैचारिक होते: काळ परत फिरतो असे म्हणणे मार्क्सवादाच्या विरोधात जाते, मार्क्सवादात इतिहास मागे वळत नाही, तो एकाच दिशेने पुढे जातो.

१९८१ साली 'फेहेर्लोफिया', म्हणजेच 'पांढऱ्या घोडीचा मुलगा', पडद्यावर आला, तेव्हा वरवर पाहता ती एक पराक्रमाची परीकथा होती. आक्षेप घ्यावा असे त्यात काही उरले नव्हते. आणि तरीही हा चित्रपट पाहून उठणाऱ्याला काळ गोल फिरतो याखेरीज दुसरे काही जाणवत नाही. संहितेतून काढायला लावलेली कल्पना चित्रात कशी शिरली, तिथे तिने काय काय बदलले आणि त्याची किंमत काय पडली, हा या अभ्यासाचा विषय आहे.

स्टुडिओ, माणूस आणि भोवतालची हवा

यान्कोविचचा जन्म बुडापेस्टचा, २१ ऑक्टोबर १९४१चा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वडील तुरुंगात गेले आणि कुटुंबाला राजधानीबाहेर खेड्यात धाडले गेले. पान्नोनहाल्माच्या बेनेडिक्टाइन मठाच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले आणि १९६० साली तो पान्नोनियात कामाला लागला. ॲनिमेशनचे धडे त्याने स्टुडिओतच, काम करता करता गिरवले.

पान्नोनिया हा त्या काळी युरोपातल्या मोठ्या ॲनिमेशन स्टुडिओंपैकी एक होता. पगार सरकारचा, सेल्युलॉइड सरकारचे, मंजुरीही सरकारचीच. हंगेरीच्या सांस्कृतिक धोरणाची सूत्रे द्यॉर्द्य आत्सेल या नेत्याकडे होती. त्याच्या व्यवस्थेत कलाकृतींची तीन गटांत वाटणी होई: ज्यांना पाठबळ द्यायचे त्या, ज्या खपवून घ्यायच्या त्या, आणि ज्यांवर बंदी घालायची त्या. कलावंताचे कसब बऱ्याचदा मधल्या गटात जागा मिळवण्यात खर्ची पडे.

लोककथेला मात्र त्या वेळी चांगले दिवस होते. १९७२ साली बुडापेस्टमध्ये पहिले 'तान्त्सहाझ' भरले. शहरातली तरुण मंडळी खेड्यातले नाच खेड्यातल्याच वाजंत्रीवर शिकू लागली. बार्टोक आणि कोदाय या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव फिरून गाणी गोळा केली होती. ते काम संग्रहालयातून उठून पुन्हा लोकांच्या पायांत आले. शासनाला लोकसंस्कृती चालत होती, कारण ती 'जनतेची' होती. तरुणांना ती हवी होती, कारण ती शासनाची नव्हती. यान्कोविचची लोककथा या दोन्ही दारांतून आत येऊ शकत होती.

त्याच्या गाठीशी तोवर बरेच काम होते. पेटोफी या हंगेरियन कवीच्या दीर्घकाव्यावरचा 'यानोश वितेझ' (१९७३) हा हंगेरीचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट त्याचाच. कवीच्या जन्माला दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने तो निघाला. मग आला 'सिसिफस' (१९७४). पांढऱ्या कोऱ्या पडद्यावर फक्त काळ्या ब्रशच्या फटकाऱ्यांनी काढलेला, डोंगरावर दगड ढकलणारा माणूस. जेमतेम दोन मिनिटांचा हा लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. १९७७ साली 'क्युझ्दोक' या लघुपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात शिल्पकार दगडाला घडवतो आणि दगड शिल्पकाराला. म्हणजे स्टुडिओने ज्याची मांडणी नाकारली, तो कुणी नवशिका नव्हता. त्याला नाकारता येत होते, पण काढून टाकता येत नव्हते.

कथा आणि तिच्यात केलेले फेरफार

चित्रपटाचा मुख्य आधार लास्लो अरान्यच्या नावावरच्या १८६२च्या लोककथासंग्रहात आहे. लास्लो तेव्हा १८ वर्षांचा होता. वडील यानोश अरान्य हे हंगेरियन भाषेतले अव्वल दर्जाचे कवी. १८५०च्या दशकात ते नाद्यक्योर्योश या गावी शिक्षक होते. पुढे विसाव्या शतकात या कथांची हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा त्यांवर लास्लोची बहीण यूलिश्का आणि आई यांचे हस्ताक्षर आढळले. कथा लिहून घेणारे हात बऱ्याच अंशी घरातल्या बायकांचे होते आणि मुखपृष्ठावर नाव मुलाचे आले. लोककथांच्या संग्रहांत हे जगभर घडले आहे, म्हणून इथे त्याची नोंद केलीच पाहिजे.

कथाप्रकार म्हणाल तर लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ही क्रमांक ३०१ची, 'पळवून नेलेल्या तीन राजकन्या' या नावाची कथा. युरोप आणि आशियात तिची असंख्य रूपे आहेत. हंगेरियन रूपाचे वैशिष्ट्य नायकाच्या जन्मात आहे. पांढरी घोडी मुलाला सात वर्षे पाजते आणि झाडाची साल सोलायला लावून त्याची ताकद पाहते. ताकद कमी पडते, म्हणून आणखी सात वर्षे पाजते. मग तो साल सोलून काढतो आणि घोडी मरते. तिचे सारे बळ आता त्याच्या अंगात उतरलेले असते. गवताळ प्रदेशांतून पश्चिमेकडे आलेल्या लोकांच्या मनात पांढऱ्या घोड्याचे स्थान किती मोठे होते हे दुसऱ्या एका दंतकथेतही दिसते. तिच्यानुसार सरदार आर्पादच्या लोकांनी नवा देश मिळवला तोच मुळी एक पांढरा घोडा देऊन.

जुन्या कथेत घोडीचा मुलगा रानात निघतो आणि वाटेत त्याला तीन बलवान गडी भेटतात: झाडे उपटणारा फान्यूव्यो, दगड चुरडणारा क्योमोर्झोलो आणि लोखंड मळणारा वाशद्यूरो. हे मिळून चार जण होतात. यान्कोविचने चाराचे तीन केले. चित्रपटात नायक स्वतःच फान्यूव्यो आहे आणि उरलेले दोघे त्याचे सख्खे भाऊ आहेत, त्याच घोडीचे मुलगे. बदल छोटा दिसतो, पण त्याने सगळ्या कथेचा सांगाडा बदलला. आता तीन भाऊ, तीन राजकन्या, तीन राक्षस आणि तीन किल्ले अशी जुळणी होते, आणि आकृती बंद होते.

दुसरा बदल शेवटाचा. पाताळातून राजकन्यांना दोराने वर ओढून घेतल्यावर साथीदार नायकाला खालीच सोडून निघून जातात. अरान्यांच्या कथेत तो परत आलेला पाहून हे साथीदार भीतीने जागच्या जागी मरून पडतात. दगाबाजीचा हिशेब चुकता होतो. चित्रपटात भाऊ भावांना माफ करतो आणि सगळे पुन्हा एकत्र येतात. कथेचा शेवट शिक्षेने झाला की ती तिथे थांबते. जे मोडले होते ते जुळले, की सुरुवातीची स्थिती परत येते. चक्राचा शब्दही न काढता चक्र पुरे करण्याची ही पहिली युक्ती.

इथे एक खुलासा. हंगेरियन कथांतला हा बहुमुखी शत्रू पश्चिम युरोपातल्या आग ओकणाऱ्या सरपटत्या ड्रॅगनसारखा नसतो. तो माणसासारखा घोड्यावर बसतो, किल्ल्यात राहतो, घरी येण्याआधी सात कोसांवरून गदा फेकून आपण येत असल्याची वर्दी देतो. आपल्या कथांतल्या राक्षसाशी त्याचे जास्त जमते, म्हणून इथे राक्षसच म्हटले आहे.

काळी रेषा पुसली

सेल ॲनिमेशनची रूढ पद्धत अशी: पारदर्शक सेलवर पात्राची बाह्यरेषा शाईने उतरवायची, मागच्या बाजूने त्यात रंग भरायचा आणि तो सेल रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकट टिपायची. काळी बाह्यरेषा दोन कामे करते. रंगाच्या ओबडधोबड कडा झाकते, आणि पात्राला त्याच्या जगापासून वेगळे काढते. प्रेक्षकाला क्षणात कळते की हे पात्र आणि ही पार्श्वभूमी.

'फेहेर्लोफिया'त ही काळी रेषा नाही. देह सपाट, झळझळीत रंगांच्या आकारांचे बनले आहेत. कड आहे ती रंगाची किंवा उजेडाची. नायकाच्या केसांचा रंग जिथे संपतो तिथे आकाश सुरू होते, मध्ये कुंपण नाही. म्हणून आकाश केसांत शिरू शकते, केस ज्वाला होऊ शकतात, ज्वाळेचे झाड होते आणि झाडाची घोडी. चित्रपटभर हेच चालू असते. एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना साध्या कटपेक्षा रूपांतरावर भर आहे. डोळा एका आकारावर स्थिरावतो तोच त्या आकाराच्या पोटातून दुसरा निघतो.

'सिसिफस'मध्ये फक्त काळी रेषा होती आणि रंग अजिबात नव्हता. 'फेहेर्लोफिया'त सगळा रंग आहे आणि काळी रेषा नाही. सात वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने ॲनिमेशनची दोन टोके गाठली. यामागे मला हौस दिसत नाही, विषयाची गरज दिसते. सिसिफसचा माणूस दगडापासून, डोंगरापासून वेगळा आहे. तेच त्याचे दुःख आहे, म्हणून त्याला रेषा हवी. घोडीचा मुलगा झाडापासून, आईपासून, सूर्यापासून वेगळा नाही, म्हणून त्याला रेषा नको.

सुरुवातीची काही मिनिटे या दृष्टीने फार मोलाची आहेत. पांढरी घोडी पळते आहे. पाठीमागचा धोका पूर्ण आकारात येत नाही, तो रंगांच्या लाटेसारखा मागे लागतो. महाकाय वृक्षाची ढोली उघडते, घोडी आत जाते, ढोली मिटते. आत जन्म होतो. तिथे ढोली आणि गर्भाशय यांत फरक करता येत नाही, आणि दिग्दर्शकाला तो करायचाही नाही. चौकटीची डावी बाजू उजव्या बाजूचे प्रतिबिंब असावी अशी सममित रचना वारंवार येते. मध्यभागी झाडाचा अक्ष, भोवती वर्तुळे. प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगत नाही, पण जग एका खांबाभोवती फिरते आहे हे त्याच्या डोळ्यांनी एव्हाना मान्य केलेले असते.

हा वृक्ष हंगेरियन लोककथांचा जुना रहिवासी आहे. तो आभाळाला भिडणारा, मुळे पाताळात आणि फांद्या देवलोकात असलेला. मराठी वाचकाला इथे गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, वर मुळे आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ आठवेल, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर किती ओव्या खर्ची घातल्या आहेत तेही. साम्य आहे, पण फरक अधिक बोलका आहे. गीतेला तो वृक्ष वैराग्याच्या शस्त्राने छेदायचा आहे. हंगेरियन कथेला तो राखायचा आहे. राक्षस त्याच्या मुळाशी आहेत आणि त्यांना हटवल्याशिवाय वर हिरवे काही फुटणार नाही.

ध्वनीचा उल्लेख वेगळा करायला हवा. इश्तवान वाय्दाचे संगीत लोकसंगीताच्या वाटेला जात नाही. लोककथा म्हटल्यावर बासरी आणि फिडल अपेक्षित असतात. इथे घुमणारे, धातूचे, यंत्रातून काढलेले ध्वनी आहेत. संवाद मोजके, आवाजांना खोल प्रतिध्वनी. नायकाचा आवाज द्यॉर्द्य चेरहल्मी या अभिनेत्याचा आहे. या ध्वनीमुळे चित्रपट कुठल्याच विशिष्ट शतकात बसत नाही. लोकसंगीत वापरले असते तर तो नक्कीच 'पूर्वी कधीतरी'मध्ये अडकला असता.

पाताळातले तीन मुक्काम

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

पाताळाचे तोंड सापडते ते एका बुटक्यामुळे. लांब दाढीच्या या चेटक्याचे नाव हेत्स्यून्यू कापान्यान्यिमोन्योक, हंगेरियन मुलांनाही जीभ सांभाळून उच्चारावे लागेल असे. भावांपैकी जो स्वयंपाकाला मागे राहतो त्याला हा आडवा पाडतो आणि कढत लापशी त्याच्याच पोटावर ओतून खातो. फान्यूव्यो त्याची दाढी झाडात अडकवतो. इथून वाट खाली जाते, आणि भाऊ उतरायला कचरतात तेव्हा नायक एकटा उतरतो.

खाली तीन किल्ले आहेत आणि तीन राक्षस: तीन डोक्यांचा, सात डोक्यांचा आणि बारा डोक्यांचा. डोकी वाढत जाणे हा लोककथेचाच नियम आहे. यान्कोविचने त्यात स्वतःचे काहीतरी भरले. तीन डोक्यांचा राक्षस दगडाचा आहे, आदिम मूर्तीसारखा, जडशीळ, अंगमेहनतीने लढणारा. सात डोक्यांचा राक्षस पोलादी युद्धयंत्र आहे, त्याला तोफांची तोंडे आणि रणगाड्याचा देह आहे. बारा डोक्यांचा राक्षस म्हणजे गगनचुंबी इमारतींचे अख्खे शहर आहे. चौकोनी, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे, बोलतानाही यंत्राच्या चिन्हांत बोलावे असे.

क्रम पाहा. दगड, मग पोलाद, मग महानगर. नायक जसजसा आत जातो तसतसा इतिहास पुढे सरकतो. स्टुडिओला हवी होती ती सरळ रेषा, मागे न वळणारा, टप्प्याटप्प्याने पुढे जाणारा काळ, चित्रपटात चोख हजर आहे. फक्त तिचा पत्ता पाताळातला आहे आणि तिचा प्रत्येक टप्पा एकेक राक्षस आहे. वरच्या जगात झाड आहे, ऋतू आहेत, जन्म आणि पुनर्जन्म आहे. खाली प्रगती आहे. नायकाचे काम आहे ती सरळ रेषा टोकापर्यंत चालून जाणे, तिचे प्रत्येक रूप मोडणे आणि परत वर येणे.

हे माझे वाचन आहे. असा अर्थ दिग्दर्शकाने स्टुडिओला मुद्दाम चकवण्यासाठी पेरला असे मी म्हणत नाही. पण सूर्य, वृक्ष आणि पंचांगातली प्रतीके यांवर या माणसाने पुढे पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. अशा माणसाच्या चित्रपटात राक्षसांचा क्रम सहज जुळून आला असेल हेही पटत नाही. शिवाय आक्षेप घेणाऱ्याला इथे पकडायला जागाच नव्हती. बारा डोक्यांचे शहर भांडवलशाही महानगर म्हणून खपून जाते. युद्धयंत्र म्हणजे साम्राज्यवादी युद्धाचा निषेध. बुडापेस्टच्या प्रेक्षकाला मात्र पोलादी रणगाडा पाहून काय आठवत असेल, ते सांगायला नको. ४ नोव्हेंबर १९५६ रोजी हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे त्या शहरात उतरले, तेव्हा यान्कोविचला नुकते १५वे वर्ष पुरे झाले होते.

परतीच्या वाटेवर गरुडासारखा महाकाय ग्रिफ पक्षी येतो. नायकाने त्याच्या पिल्लांना आगीच्या पावसातून वाचवलेले असते, म्हणून तो त्याला वर न्यायला तयार होतो. वाटेत त्याला खाऊ घालावे लागते. शिदोरी संपते आणि मुक्काम अजून दूर असतो, तेव्हा नायक स्वतःच्या देहाचे मांस कापून त्याच्या चोचीत देतो. आई ज्या देहात बळ ओतून संपली, तोच देह आता दुसऱ्याच्या चोचीत जातो आणि मग पूर्वीपेक्षा बलवान होऊन परत मिळतो. लोककथेत हा प्रसंग धाडसाचा आहे. चित्रपटात तो देवाणघेवाणीचा झाला आहे, आणि रूपांतराच्या चित्रभाषेला यापेक्षा योग्य प्रसंग सापडणार नाही.

जे जमले नाही, आणि जे वादाचे आहे

राजकन्यांचे काय? त्या रंगाने आणि आकाराने अतिशय देखण्या आहेत, पण त्यांच्या वाट्याला बंदिवास आणि सुटका एवढेच येते. त्यांच्या देहाचे चित्रण उघडउघड कामुक आहे. ऋतूंची, पृथ्वीची, सुपीकतेची प्रतीके म्हणून ते समजून घेता येते. तरी प्रतीक झाल्यामुळे पात्र म्हणून त्या पोकळ राहतात. घोडी मरते, राजकन्या सुटतात, करणारा कायम मुलगा. ज्या कथा लिहून घेणाऱ्या बायका मुखपृष्ठावरून गळाल्या, त्या कथेच्या चित्रपटात हे अधिक खटकते.

दुसरा मुद्दा अर्पणपत्रिकेचा. चित्रपट सिथियन, हूण, आवार आणि इतर भटक्या लोकांच्या स्मृतीला वाहिला आहे. हंगेरियन लोक हूणांचे वंशज ही समजूत मध्ययुगीन बखरींपासून चालत आली आहे. भाषाशास्त्र मात्र हंगेरियन भाषेचे नाते फिनिश आणि सायबेरियातल्या भाषांशी जोडते, आणि हंगेरियन टोळ्या आज जिथे आहेत तिथे आल्या त्या इसवी सन ८९५च्या सुमारास, हूणांचा राजा अट्टिला याच्यानंतर चार शतकांहून अधिक काळाने. १९८१ साली या अर्पणपत्रिकेचा अर्थ 'आमची मुळे मॉस्कोने ठरवलेली नाहीत' असा लागत असेल. आज तीच ओळ वांशिक अभिमानाच्या कामी येऊ शकते. चित्रपट स्वतः त्या वाटेने जात नाही. त्यातली प्रतीके एका वंशाची नाहीत, ती गवताळ प्रदेशभर आणि त्याही पलीकडे पसरलेली आहेत. तरीही विद्यार्थ्यांना दाखवताना या ओळीवर थांबून बोलायला हवे.

तीन लढायांची लय काहींना कंटाळवाणी वाटते. एक राक्षस, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी तीच मांडणी. मला हा दोष वाटत नाही. आवर्तनाची कथा आवर्तनानेच सांगावी लागते. हो, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याने हे आधीच जाणून बसावे.

पुढे काय झाले

१९८४ साली लॉस एंजेलिसला झालेल्या ॲनिमेशन ऑलिंपियाडमध्ये सर्वकालीन उत्तम ॲनिमेशन चित्रपटांच्या यादीत या चित्रपटाला ४९वे स्थान मिळाले. असे असूनही अमेरिकेत त्याचे अधिकृत वितरण कित्येक दशके झाले नाही. फिकट प्रती हातोहात फिरत राहिल्या. ज्या चित्रपटाचे सगळे म्हणणे रंगाच्या कडांवर उभे आहे त्याची फिकट प्रत पाहणे म्हणजे तो निम्माच पाहणे. २०१९ साली मूळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून हंगेरीच्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेच्या सहकार्याने ४के जीर्णोद्धार झाला आणि २०२०मध्ये तो अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झाला. २९ मे २०२१ रोजी यान्कोविचचे निधन झाले.

हंगेरीतल्या बहुतेक मुलांना यान्कोविच भेटतो तो मात्र 'हंगेरियन लोककथा' या दूरचित्रवाणी मालिकेतून. केच्केमेटच्या स्टुडिओत तिचे १०० भाग झाले. तिथे भरतकामाची वेलबुट्टी आहे, मायाळू निवेदन आहे, नीटस बाह्यरेषा आहे. लोककथेकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा एकाच माणसाच्या आहेत, आणि एकीवरून दुसरीला कमी लेखण्याचे कारण नाही. मालिकेने कथा सांभाळल्या. चित्रपटाने एका कथेच्या आत काय दडले आहे ते उकरले.

या प्रकरणावरून एक निष्कर्ष पटकन काढला जातो, तो मला मान्य नाही: आडकाठी आली म्हणून कला बहरली. पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो. रूपांतराची चित्रभाषा 'यानोश वितेझ'मध्ये होती, देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल 'क्युझ्दोक'मध्ये होती. आक्षेप आला तेव्हा हत्यारे आधीच परजलेली होती. आक्षेपाने एवढेच केले की विचार शब्दांतून सांगण्याचा सोपा मार्ग बंद झाला. तयारी नसलेला दिग्दर्शक तिथेच अडला असता.

याला दुसरी बाजू आहे आणि ती यान्कोविचच्याच पुढच्या कामात दिसते. १९८३ साली त्याने इम्रे मादाचच्या 'माणसाची शोकांतिका' या एकोणिसाव्या शतकातल्या नाट्यकाव्यावर पटकथा लिहिली. त्यात सैतान आदमला इजिप्त, अथेन्स, रोम असा सबंध इतिहास दाखवत भविष्यापर्यंत नेतो. पुन्हा तीच सरळ रेषा, या वेळी उघडपणे. प्रत्येक युगासाठी त्या युगाच्या कलेची शैली वापरायची असे ठरले. १९८८ साली काम सुरू झाले आणि वर्षभरात ती राजवटच कोसळली. आता मार्क्सवादाचा दाखला देऊन संहिता परत करणारे कुणी उरले नव्हते, पण चित्रकारांना महिन्याच्या महिन्याला पगार देणारेही कुणी उरले नव्हते. पैसा मिळेल तसा एकेक भाग करत चित्रपट पुरा व्हायला २०११ साल उजाडले. तेव्हा यान्कोविच सत्तरीला टेकला होता. लांबी भरली १६० मिनिटे. पान्नोनियातल्या मंजुरीच्या टेबलाचा हिशेब मांडताना हा आकडाही त्याच वहीत लिहावा लागतो: 'फेहेर्लोफिया' त्या टेबलावरून जाऊनही १९८१ साली पुरा झाला, आणि टेबल हटल्यावर पुढच्या चित्रपटाला २३ वर्षे लागली.

वर्गात किंवा फिल्म सोसायटीत हे प्रकरण घ्यायचे असेल तर 'सिसिफस', 'फेहेर्लोफिया'ची जीर्णोद्धारित प्रत आणि 'माणसाची शोकांतिका'तला निदान एक भाग, असे लागोपाठ दाखवावे. 'फेहेर्लोफिया'त ढोलीतला जन्म, सात डोक्यांच्या राक्षसाची लढाई आणि ग्रिफचे उड्डाण इथे चौकट-चौकट थांबवून एकच प्रश्न विचारावा: या चौकटीत देह कुठे संपतो आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते? विद्यार्थ्यांना पडद्याजवळ बोलावून बोटाने ती कड दाखवायला सांगावे.